ह्वांगफू मी

ह्वांगफू मी (इ.स. २१५ – इ.स. २८२) हे चीनमधील तीन राज्यांच्या काळातील आणि पश्चिम जिन राजवटीच्या आरंभकाळातील विद्वान, इतिहासकार, चरित्रकार व वैद्यकविषयक ग्रंथकार होते. त्यांनी सिद्ध केलेला 'झेनज्यू ज्यायी जिंग' हा ॲक्युपंक्चर (सूचिचिकित्सा) आणि मॉक्सा-शेक या उपचारांवरील आज उपलब्ध असलेला सर्वांत जुना पद्धतशीर ग्रंथ मानला जातो. निद्रानाशासह अनेक विकारांची कारणे व त्यांवरील उपचारबिंदू या ग्रंथात विकारनिहाय मांडलेले आहेत. ह्वांगफू मी हे व्यवसायाने वैद्य नव्हते. दीर्घकाळच्या आजारपणामुळे ते वैद्यकाच्या अभ्यासाकडे वळले. सम्राटाच्या दरबारातील पदे त्यांनी वारंवार नाकारली आणि संपूर्ण आयुष्य वाचन व लेखनात घालवले.

पार्श्वभूमी आणि बालपण

ह्वांगफू मी यांचा जन्म इ.स. २१५ मध्ये आनदिंग प्रांतातील चाओना येथे झाला. हा प्रदेश चीनच्या वायव्य भागात असून त्याचा मोठा भाग आजच्या गान्सू प्रांतात येतो. त्यांचे मूळ नाव जिंग होते. शिष्टाचारानुसार पुढे घेतलेले त्यांचे नाव शी-आन असे होते, तर लेखक म्हणून त्यांनी श्वानयेन हे उपनाव धारण केले. त्यांचे पणजोबा ह्वांगफू सोंग हे पूर्व हान राजवटीचे नामवंत सेनापती होते. इ.स. १८४ मधील 'पिवळे फेटे' या नावाने ओळखला जाणारा उठाव मोडून काढणाऱ्यांत त्यांचा समावेश होता. मी यांच्या जन्मापर्यंत मात्र घराण्याचे वैभव ओसरले होते आणि हान साम्राज्यही शेवटच्या घटका मोजत होते. इ.स. २२० मध्ये ही राजवट संपुष्टात आली व देश वेई, शू आणि वू या तीन राज्यांत विभागला गेला.

मी यांना लहानपणीच त्यांच्या काकांना दत्तक देण्यात आले. काकांबरोबर ते आजच्या हनान प्रांतातील शिन-आन येथे राहावयास गेले. त्यांच्या आयुष्याची माहिती मुख्यतः इ.स. ६४८ मध्ये पूर्ण झालेल्या 'जिनशू' या अधिकृत राजवंश-इतिहासातून मिळते. त्यानुसार वयाच्या विसाव्या वर्षापर्यंत त्यांना विद्येची गोडी नव्हती. ते दिवसभर भटकत असत आणि काही लोक त्यांना मंदबुद्धी समजत.

एकदा त्यांनी कोठून तरी मिळवलेली फळे आणून आपल्या काकू रेन यांना दिली. काकूंना त्याचा आनंद झाला नाही. विशी उलटली तरी ज्याने विद्या मिळवली नाही, त्याने आणलेल्या खाद्यवस्तूंनी आईवडिलांचे समाधान होत नसते, असे त्यांनी सुनावले. मुलाला चांगली संगत लाभावी म्हणून तीनदा घर बदलणाऱ्या मेन्शियसच्या आईचे उदाहरण त्यांनी दिले. आपल्याच संगोपनात काही कमी राहिली असावी, असे म्हणून त्या रडू लागल्या. या प्रसंगाने मी यांच्या आयुष्याला वळण मिळाले. त्यांनी शी तान या गुरूंकडे अध्ययन सुरू केले. घरची गरिबी असल्याने ते स्वतः शेती करीत आणि शेतात जाताना ग्रंथ बरोबर नेत. पुढे वाचनात ते इतके गढून जात की जेवणाखाण्याचीही शुद्ध राहत नसे. त्यामुळे लोकांनी त्यांना पुस्तकांचे व्यसन लागलेला माणूस अशा अर्थाचे टोपणनाव दिले. इतके वाचन केल्याने प्रकृती ढासळेल, असा इशारा काहींनी दिला होता. परंतु त्यांनी वाचन कमी केले नाही.

आजारपण

मध्यमवयात ह्वांगफू मी यांना वातविकार जडला. सम्राटाला पुढे पाठवलेल्या एका विनंतिपत्रात त्यांनी आपल्या स्थितीचे वर्णन केले आहे. शरीराचा अर्धा भाग बधिर झाला असून उजवा पाय बारीक झाला आहे आणि हे दुखणे एकोणीस वर्षांपासून आहे, असे त्यात नमूद आहे. ज्यायी जिंगच्या प्रस्तावनेनुसार गानलू या राजशकाच्या काळात (इ.स. २५६–२६०) वातविकाराच्या जोडीला सुमारे शंभर दिवस त्यांना बहिरेपणाचाही त्रास झाला.

या दुखण्यात एका औषधाने भर घातली. खनिजांच्या मिश्रणापासून बनवलेले 'शीत-अन्न चूर्ण' त्या काळातील उच्चभ्रू वर्गात लोकप्रिय होते. वेई राज्यातील दरबारी हे येन (मृत्यू इ.स. २४९) यांच्यामुळे त्याची प्रथा वाढली, असे स्वतः मी यांनी नोंदवले आहे. चूर्ण घेतल्यावर अंगात तीव्र उष्णता निर्माण होई. ती बाहेर पडावी म्हणून थंड अन्न खावे, थंड पाण्याने अंग धुवावे, चालत राहावे आणि मद्य मात्र गरम घ्यावे असे नियम होते. मी यांच्या प्रकृतीला हे चूर्ण मानवले नाही. भर हिवाळ्यात उघड्या अंगाने राहून बर्फ खावा लागे, उन्हाळ्यात जीव घुसमटे, खोकला व सूज येई आणि हातपाय जड होत. विनंतिपत्र लिहितेवेळी या त्रासाला सात वर्षे झाली होती. एकदा वैतागून त्यांनी शस्त्राने जीव देण्याचा प्रयत्न केला. त्या वेळी काकूंनीच त्यांची समजूत घालून त्यांना परावृत्त केले.

पुढे त्यांनी या चूर्णाच्या दुष्परिणामांवर स्वतंत्र विवेचन लिहिले. त्याचा मोठा भाग चाओ युआनफांग यांनी इ.स. ६१० मध्ये सिद्ध केलेल्या रोगनिदानविषयक ग्रंथात उद्धृत झाल्यामुळे टिकून राहिला. स्वतःच्या त्रासाबरोबरच नात्यातील व परिचयातील व्यक्तींवर झालेले परिणाम त्यात दिले आहेत. विविध लक्षणे, त्यांचे कारण आणि उपाय अशा क्रमाने ते लिहिलेले असून, रात्री झोप न येणे हे त्या लक्षणांपैकी एक आहे. अन्न कमी घेतल्यामुळे उष्णता शरीरातच कोंडून राहते व झोप उडते, असे कारण तेथे सांगितले आहे.

ज्यायी जिंगची रचना

आजारपणात मी यांनी उपलब्ध वैद्यकग्रंथांचा अभ्यास केला. प्रचलित उपचारग्रंथ त्यांना उथळ वाटले. प्राचीन ग्रंथांत सखोल ज्ञान होते, परंतु ते विखुरलेले होते, त्यात पुनरुक्ती होती आणि काही ठिकाणी विसंगतीही होती. रुग्णाला किंवा वैद्याला एखाद्या विकाराविषयी सर्व माहिती एका ठिकाणी मिळत नसे.

यावर उपाय म्हणून त्यांनी तीन ग्रंथ निवडले. पहिला 'सूवेन' आणि दुसरा 'झेनजिंग' (सूचिग्रंथ, जो पुढे 'लिंगशू' या नावाने ओळखला गेला). हे दोन्ही ग्रंथ पीतसम्राट ह्वांगदी यांच्या नावाशी जोडलेल्या परंपरेतील आहेत. तिसरा ग्रंथ 'मिंगतांग' हा शरीरावरील बिंदू व त्यांवरील उपचार यांविषयी होता. या तिन्हींमधील मजकूर विषयवार एकत्र आणणे, अनावश्यक शब्द व पुनरुक्ती काढणे आणि मुख्य भाग क्रमाने मांडणे अशी पद्धत त्यांनी अवलंबिली. त्यातून १२ खंड व १२८ प्रकरणांचा ग्रंथ तयार झाला. त्याचा रचनाकाळ सर्वसाधारणपणे इ.स. २५६ ते २८२ यांदरम्यानचा मानतात. शीर्षकातील 'ज्या' आणि 'यी' ही चिनी कालगणनेतील दहा क्रमचिन्हांपैकी पहिली दोन चिन्हे आहेत.

ग्रंथाच्या पहिल्या सहा खंडांत शरीराची रचना, अवयव, नाडीमार्ग, निदान, बिंदूंची स्थाने आणि सुई टोचण्याच्या पद्धती व निषेध यांचे विवेचन आहे. उरलेल्या सहा खंडांत विकार आणि त्यांवरील उपचार येतात. शेवटच्या खंडात स्त्रिया व बालके यांच्या विकारांचीही प्रकरणे आहेत.

ग्रंथात ३४९ बिंदू असल्याचे सामान्यतः मानले जाते. त्यांपैकी ४९ शरीराच्या मध्यरेषेवर व ३०० दोन्ही बाजूंना जोडीने येतात. डोके, पाठ, चेहरा, मान, छाती व पोट यांवरील बिंदू शरीरभागांनुसार, तर हातापायांवरील बिंदू नाडीमार्गांनुसार दिले आहेत. प्रत्येक बिंदूचे स्थान, सुई किती खोल टोचावी, किती वेळ ठेवावी आणि मॉक्साच्या किती वाती जाळाव्यात हे सांगितलेले असते. मॉक्सा म्हणजे दवण्याच्या प्रजातीतील एका वनस्पतीची वाळवून कुटलेली पाने होत. लांबीसाठी 'त्सुन' व त्याचा दहावा भाग 'फन' ही मापे वापरली आहेत. सुई ठेवण्याचा काळ श्वासांच्या संख्येने मोजला जातो. उदाहरणार्थ, पायाच्या आतील घोट्याच्या वर तीन त्सुन अंतरावर असलेल्या सानयिन्‌जियाओ या बिंदूत सुई तीन फन खोल टोचावी, सात श्वासांपर्यंत ठेवावी आणि मॉक्साच्या तीन वाती जाळाव्यात, असा निर्देश आहे.

शरीराविषयीचे ज्ञान हे विद्वानाचे कर्तव्य आहे, असा विचार मी यांनी प्रस्तावनेत मांडला आहे. वैद्यकाचे ज्ञान नसेल तर मनात कितीही निष्ठा व प्रेम असले तरी संकटात सापडलेल्या राजाला, आईवडिलांना किंवा लहान मुलांना वाचवता येत नाही, असा त्याचा आशय आहे. कन्फ्यूशियस परंपरेतील विद्वान सहसा वैद्यकाला दुय्यम कला मानीत. त्या पार्श्वभूमीवर ही भूमिका लक्षणीय ठरते.

निद्रानाशाविषयीचे विवेचन

बाराव्या खंडातील तिसरे प्रकरण डोळा न लागणे, अतिझोप, अस्वस्थ झोप, उताणे झोपता न येणे आणि श्वासाचे काही विकार यांविषयी आहे. निद्रानाशाचा स्वतंत्रपणे विचार करणाऱ्या आणि त्यावर सूचिचिकित्सेचे बिंदू सुचवणाऱ्या प्राचीन लेखनात त्याचे स्थान महत्त्वाचे आहे.

या विवेचनाचा आधार 'ची' म्हणजे शरीरात संचार करणारी जीवनशक्ती ही कल्पना आहे. शरीराचे रक्षण करणारी 'वेई ची' दिवसा शरीराच्या यांग म्हणजे बाह्य भागातून पंचवीस फेऱ्या करते आणि रात्री यिन म्हणजे आंतरिक भागातून तितक्याच फेऱ्या करते, असे मानले जाई. ती यांगमधून बाहेर पडून यिनमध्ये शिरली की माणसाला झोप लागते आणि पुन्हा यांगमध्ये आली की जाग येते. काही कारणाने तिला यिनमध्ये प्रवेश मिळाला नाही तर ती यांगमध्येच साचून राहते आणि डोळे मिटत नाहीत. वृद्धांना रात्री झोप का येत नाही याचेही स्पष्टीकरण या परंपरेत मिळते. वयानुसार रक्त व ची क्षीण होतात आणि त्यांचे मार्ग खडबडीत होतात. त्यामुळे वृद्ध माणूस दिवसा पुरेसा तरतरीत नसतो व रात्री गाढ झोपत नाही.

उपचाराचे तत्त्व यावरूनच ठरते. सुईच्या साहाय्याने जे कमी आहे ते भरून काढावे, जे अधिक आहे ते कमी करावे आणि मार्ग मोकळा करावा, असे ग्रंथ सांगतो. त्यानंतर एक काढा सुचवला आहे. वाहते पाणी वारंवार उपसून घ्यावे, बोरूच्या जाळावर ते उकळावे आणि त्यात चिकट जातीचे भरडधान्य व सुरणाच्या कुळातील 'बानश्या' नावाचा कंद शिजवावा, अशी त्याची कृती आहे. सूचिचिकित्सेच्या ग्रंथातही औषधाला जागा देण्यात आली होती, हे यावरून दिसते. प्रकरणाच्या अखेरीस विशिष्ट लक्षणांसाठी बिंदू दिले आहेत. दचकून झोप न लागणे व दात खाणे या लक्षणांवर बेंबीच्या खालचा यिन्‌जियाओ, तर झोप न येण्यावर गुडघ्याच्या मागील बाजूचा फूशी हा बिंदू सांगितला आहे.

हे सिद्धान्त मी यांचे स्वतःचे नाहीत. त्यांतील बराचसा भाग 'लिंगशू'मधून आलेला आहे. विकाराचे कारण, उपचाराचे तत्त्व, काढा आणि नेमके बिंदू एका प्रकरणात सलग आणणे हे मी यांचे कार्य होय.

दरबाराची निमंत्रणे

विद्वान म्हणून कीर्ती पसरल्यावर मी यांना शासकीय पदांसाठी बोलावणी येऊ लागली. इ.स. २६० च्या सुमारास वेई राज्याचे सर्वसत्ताधारी मंत्री सिमा झाओ यांच्याकडून बोलावणे आले, ते त्यांनी स्वीकारले नाही. स्वकीयांनी आग्रह केला तेव्हा आपली भूमिका स्पष्ट करणारा निबंध त्यांनी लिहिला. इ.स. २६६ मध्ये सिमा झाओ यांचे पुत्र सिमा यान यांनी जिन राजवट स्थापन केली. सम्राट वू या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या राजानेही त्यांना वारंवार पाचारण केले. तेव्हा मी यांनी आपल्या आजाराचे सविस्तर वर्णन करणारे वर उल्लेखिलेले विनंतिपत्र पाठवले. त्यातील तळमळ पाहून सम्राटाने त्यांना सवलत दिली.

यानंतर मी यांनी स्वतः सम्राटाकडे एक मागणी केली. त्यांनी वाचण्यासाठी ग्रंथ उसने मागितले आणि सम्राटाने गाडीभर ग्रंथ पाठवून दिले. युवराजाच्या सेवेतील पदासह नंतर आलेली इतर पदेही त्यांनी नाकारली. हातापायांत बळ नसतानाही त्यांचे वाचन अखेरपर्यंत चालू होते. झी यू हे विद्वान आणि पुढे वायव्य चीनमध्ये पूर्व ल्यांग सत्तेचा पाया घालणारे झांग ग्वेई हे त्यांचे शिष्य होते.

इतर लेखन

'दीवांग शीजी' हा प्राचीन राजांपासूनचा इतिहास, 'गावशी झुआन' हा सत्तेपासून दूर राहिलेल्या थोर व्यक्तींचा चरित्रसंग्रह आणि स्त्रियांच्या चरित्रांचा एक संग्रह ही त्यांची अन्य महत्त्वाची पुस्तके होत. कवी झुओ सी यांच्या तीन राजधान्यांवरील दीर्घ रचनेला त्यांनी प्रस्तावना लिहिली. तोवर दुर्लक्षित राहिलेल्या त्या रचनेला नंतर इतकी मागणी आली की, प्रती करण्यासाठी लागणाऱ्या कागदाचा भाव लुओयांग शहरात वाढला, अशी कथा प्रसिद्ध आहे. 'जिनशू'मधील चरित्रात त्यांच्या ग्रंथांची यादी दिली आहे. परंतु त्या यादीत ज्यायी जिंगचा उल्लेख नाही. समकालीनांच्या दृष्टीने ते प्रामुख्याने इतिहासकार व निरिच्छ विद्वान होते.

मृत्यू

आपल्या अंत्यविधीविषयी मी यांनी एक निबंध लिहून ठेवला होता. संपत्तीसह केलेले दफन चोरांना आमंत्रण देते आणि शवपेटी देहाला मातीत मिसळू देत नाही, असे त्यांचे मत होते. आपला देह बोरूच्या साध्या चटईत गुंडाळून पडीक जमिनीत पुरावा, शवपेटी वापरू नये आणि पितृभक्तीवरील प्राचीन ग्रंथाच्या एका प्रतीखेरीज काहीही बरोबर ठेवू नये, अशी सूचना त्यांनी केली. तरुणपणी काकूंनी ज्या कर्तव्याची आठवण करून दिली होती, त्याचाच हा ग्रंथ होता. इ.स. २८२ मध्ये, चिनी गणनेनुसार वयाच्या ६८ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. तोंगलिंग, फांगह्वेई आदी पुत्रांनी त्यांच्या इच्छेनुसार अंत्यविधी केला.

वारसा

ज्यायी जिंगचा प्रभाव चीनबाहेरही पसरला. कोरियातील सिल्ला राज्यात इ.स. ६९२ मध्ये सुरू झालेल्या वैद्यकशिक्षणात आणि आठव्या शतकातील जपानच्या कायदेसंहितेनुसार वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना नेमलेल्या ग्रंथांत त्याचा समावेश होता. तांग काळातील वैद्य सुन सिमियाओ यांनी थोर वैद्य होऊ इच्छिणाऱ्याने आत्मसात करावयाच्या ग्रंथांत त्याची गणना केली. अकराव्या शतकात सोंग राजवटीच्या विद्वानांनी त्याची संशोधित आवृत्ती तयार केली. 'मिंगतांग' हा मूळ ग्रंथ काळाच्या ओघात नष्ट झाला. त्यातील मजकूर मुख्यतः ज्यायी जिंगमुळे ज्ञात आहे. आज ३६१ पारंपरिक बिंदू प्रमाण मानले जातात.

भारतात या चिकित्सेचा प्रसार विसाव्या शतकात झाला. १९३८ साली चीनला गेलेल्या भारतीय वैद्यकीय पथकात सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांच्याबरोबर डॉ. विजयकुमार बसू हे होते. बसू यांनी पुढे चीनमध्ये ॲक्युपंक्चरचे शिक्षण घेतले व १९५९ पासून कोलकाता येथे ही पद्धती रुजवली.

निद्रानाशावर ॲक्युपंक्चरचा वापर आजही केला जातो. सानयिन्‌जियाओ हा त्यासाठी वारंवार निवडला जाणारा एक बिंदू आहे. तथापि 'ची'च्या संचाराची प्राचीन कल्पना आधुनिक शरीरक्रियाविज्ञानाने स्वीकारलेली नाही. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या कॉक्रेन समीक्षेत ३३ चाचण्या व २,२९३ रुग्ण यांचा विचार करण्यात आला. चाचण्यांचा दर्जा पाहता या उपचाराचे समर्थन किंवा खंडन करण्याइतका भक्कम पुरावा नाही, असा तिचा निष्कर्ष होता. दीर्घकालीन निद्रानाशावर प्रथम उपचार म्हणून आज वर्तनोपचार सुचवले जातात. त्यामुळे ह्वांगफू मी यांच्या ग्रंथाचे महत्त्व आज प्रामुख्याने वैद्यकाच्या इतिहासात आहे. स्वतः रुग्ण असलेल्या एका वाचकाने विखुरलेले ज्ञान इतरांना सहज सापडेल अशा क्रमाने लावून दिले आणि त्यानंतरच्या शतकांतील सूचिचिकित्सेच्या शिक्षणाला त्या क्रमाचा आधार मिळाला.